बोटभर उघडा पडदा

शिवलीलाच्या घरी रात्रभर सगळे दिवे चालू असत, अगदी न्हाणीघरातलासुद्धा. निपाणीच्या भरल्या घरात वाढलेली, लग्नानंतरही सासू-नणंदांच्या गराड्यातच झोपलेली ही बाई. नवरा गेला, मुलगी सोनम लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआरला गेली, आणि पन्नाशीच्या बाईच्या मानगुटीवर अंधार येऊन बसला. सांगायचं तरी कुणाला? लोक तोंडावर हसले असते.

त्यात नशीब बघा, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तिची बदली नेमकी अंधाऱ्या खोलीत झाली. बसच्या स्टिअरिंगचे लोखंडी भाग तिथं तपासायचे. भागावर एक द्रव ओतायचा आणि जांभळा दिवा लावायचा. तडा असेल तर हिरवा चमकतो. पण त्याआधी जाड काळा पडदा ओढून, डोळे अंधाराला सरावेपर्यंत एकटीनं नुसतं बसायचं. शिवलीलानं यावर तोड काढली. पडदा बोटभर उघडा ठेवायचा. आठवडाभर एकही तडा सापडला नाही आणि सगळे खूश होते.

आज सुपरवायझर खंडोजीनं पडदा चुकून सरकलाय असं समजून तो बाहेरून घट्ट ओढला आणि तो पुढं निघून गेला.

 शिवलीलाला स्वतःचा हात दिसेना. पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटत होतं आणि मान वळवायची छाती होत नव्हती. तिनं कशीबशी हाक मारली, पण यंत्रांच्या खडखडाटात ती कुणाला ऐकू जाणार? तेवढाच उजेड म्हणून तिनं चाचपडत जांभळा दिवा लावला. समोरच्या भागावर केसाएवढी हिरवी रेघ उजळली.

 इतके दिवस तडे नव्हते, की फटीतल्या उजेडात दिसतच नव्हते? आठवड्याचा माल बाहेर ट्रकमध्ये चढत होता. ती गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. बोलली तर सगळा माल पुन्हा तपासणं आलं, म्हणजे दिवसच्या दिवस हाच काळोख.

ती पडदा सारून बाहेर आली.

"खंडोजीअण्णा, ट्रक थांबवा. मला अंधाराचं भ्या वाटतंय, म्हणून मी पडदा उघडा ठेवत होते. तपासलेलं काही खरं न्हाई."

खंडोजीचा चेहरा उतरला. ट्रक थांबवून त्यानं विचारलं, दुसऱ्या कुणाला बसवू का? हो म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"न्हाई, मीच बघते. तेवढं बाहेरनं मधनंमधनं हाक मारत जावा."

पहिलं खोकं आत आलं. शिवलीलानं आपल्या हातानं पडदा पुरता ओढला आणि अंधारात बसून ती हाकेची वाट बघू लागली.