दुरडीतली भाकरी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत माझ्याहून वयाने आणि विश्वासाने मोठी अशी कितीतरी माणसे आहेत. त्यांच्याआधी मी लेखणी उचलावी हा आगाऊपणाच आहे, आणि त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. चार ओळी लिहिता येतात, एवढाच काय तो माझा अधिकार. पण जे सांगायचे आहे ते माझ्या शहाणपणाचे नाही, म्हणून धीर करतो.

आमचे गाव वडगाव निंबाळकरजवळ. गावाबाहेर ओढ्याच्या अलीकडे आमची वस्ती, पलीकडे दुसरी. गाव दोन्ही वस्त्यांना दूर ठेवी, आणि आमची वस्ती पलीकडच्यांना आपल्याहून खालची मानी. आजोबांच्या काळात दोन्हीकडची काही घरे प्रभूकडे आली. तेव्हापासून नाताळच्या उपासनेनंतर प्रीतिभोजन असते. प्रत्येक घरातून भाकरी येतात, त्या एकाच मोठ्या दुरडीत मिसळून ठेवतात, आणि हाताला येईल ती उचलायची. कोणाची ते विचारायचे नाही. कुणा जुन्या पाळकांनी घालून दिलेली ही रीत. पण खरे सांगतो, आम्ही अलीकडचे लोक दुरडीत हात घालताना नजर ठेवूनच असायचो. लहानपणी आईच हळूच म्हणायची, "ती नगं, खालची घे."

गेल्या नाताळला पाळकसाहेबांनी मला प्रीतीवर बोलायला सांगितले. मी पुण्यात शिकणारा, तयारी करून बोललो. लोकांनी माना डोलावल्या, बाबांचे डोळे भरून आले. मग पंगत बसली आणि माझ्या हाताला बाजरीची एक जाड काठाची भाकरी आली. तशा भाकरी पलीकडच्या सरूमावशीच थापायच्या. मी ती परत ठेवली आणि खालची घेतली. विचार करून नव्हे. हातच तसा वळला. मावशी समोरच कालवण वाढत होत्या.

"व्हय रं, भाषण लई ग्वाड झालं तुझं," त्या म्हणाल्या. "त्येच्यासंगं आमची भाकर न्हाय जायाची व्हय गळ्याखाली?"

सगळे हसले. मीही हसलो. पुढच्या रविवारी पलीकडच्या पाच घरांतले कोणीच उपासनेला आले नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

पुण्याला परतल्यावर मला प्रार्थना करता येईना. गुडघे टेकले की ती पाच घरे समोर यायची. माझ्या एका हाताने अर्धी मंडळी तोडली होती. ईस्टरच्या सुट्टीत मी बारामतीला उतरलो तो घरी गेलोच नाही. मावशी नाताळनंतर साखर कारखान्याच्या हंगामापुरत्या लेकाकडे वालचंदनगरला गेल्या होत्या, तिकडचा रस्ता पायी धरला. त्या दिवशी मी उपास धरला होता. माझी समजूत अशी की उपाशी चालत गेलो तर क्षमा मागण्याला वजन येईल. त्यातही माझा गर्वच होता, हे आता कळते.

दुपारी उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी बाभळीखाली बसलो. उसाची एक गाडी थांबली. पागोटे बांधलेला म्हातारा गाडीवान उतरला, पाण्याचा तांब्या आणि आपल्या शिदोरीतली अर्धी भाकरी त्याने पुढे केली. ती पाहून मला रडूच आले. त्याच्या तांब्याला विटाळ नको म्हणून मी सांगून टाकले, मी कोणत्या वस्तीतला, कोणत्या धर्माचा.

"म्या इचारलं व्हय तुला?" तो म्हणाला. "खा गपगुमान. हितं पडलास तर उसावर घालून न्यावं लागंल, अन् कारखान्यात काट्यावर तुजं बी वजन धरत्याल."

मी खाल्ली. उपास मोडला, आणि मनातले आणखीही काहीतरी मोडले. मी काही देण्यासाठी निघालो होतो, आणि प्रभूने मला आधी घ्यायला बसवले. त्या गाडीवानाला कोणी पाठवले, यावर मी वाद घालणार नाही. त्याचे नावही मी विचारले नाही.

वालचंदनगरला मावशींच्या पायांशी बसून मी सगळे बोललो. त्यांनी ऐकून घेतले. चहा दिला. मग म्हणाल्या, "मला एकलीला काय सांगतुस? पंगतीत केलंस, पंगतीतच सांग."

पंगतीसाठी पुढच्या नाताळापर्यंत थांबावे लागले असते, म्हणून गावी ईस्टरच्या उपासनेतच आशीर्वादाआधी मी उभा राहिलो. ती भाकरी मी का ठेवली ते सांगितले, आणि लहानपणापासून ठेवत आलो हेही सांगितले. पलीकडची घरे आलेलीच नव्हती. ज्यांच्यासाठी बोललो त्यांची जागा रिकामी होती. बाहेर आल्यावर बाबा एवढेच म्हणाले, "शिकवला तो आमची अब्रू चव्हाट्यावर मांडाया." मी पुण्याला निघेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

तरीही पुण्याच्या गाडीत मला गाढ झोप लागली. आपण आज्ञा पाळायची आणि फळ प्रभूच्या हाती सोडून द्यायचे, एवढे मला बाभळीखाली शिकवले गेले होते. माझ्या भाषणाने जे झाले नाही ते माझ्या लाजेने होईल की नाही, हेही त्याचेच काम. त्या शिकवणीसाठी मी देवाचे उपकार मानतो.

हंगाम संपल्यावर एक कार्ड आले. बाबांना लिहिता येत नाही. अक्षर पाळकसाहेबांचे होते, बोल बाबांचे:

"चिरंजीवास आशीर्वाद. सरूबाई हंगाम करून आली. तरी रविवारी कोन बी आलं न्हाय. मंग मीच वढा वलांडून गेलो. ती म्हनली, बसा. बसलो. जेवलो. तुझी आई बी जेवली. आता समदी येत्यात. तू अभ्यास कर."