रामहरींच्या पडद्यावरचा धबधबा

आमच्या सणसर गावात रामहरींचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराची खोली, दोन दिवे आणि मागं धबधब्याचा पडदा. पडदा रावजी पेंटरचा. रावजीनं जन्मात धबधबा पाहिला नव्हता. पाणी उंचावरून पडतं ते त्यानं पाहिलं होतं फक्त कॅनॉलच्या गेटमधून. म्हणून धबधब्याच्या माथ्यावर त्यानं मन लावून लोखंडी गेट काढलं, वर ते उघडायचं गोल चाकही. आम्हाला कुणाला त्यात काही खटकलं नाही. सोडल्याशिवाय पाणी येतं होय? गावातले निम्मे नवरा-नवरी त्या चाकाखाली उभे राहिले.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात साताऱ्याकडचं एक वऱ्हाड फोटोला आलं. त्यातला एक पाहुणा पडदा बघून इतका हसला की त्याचा फेटा सुटला. "अवो, धबधब्याला चाक?" रामहरींचं तोंड एवढंसं झालं. वीस वर्षं लोकांना "हनुवटी वर" सांगणारा माणूस आठवडाभर मान खाली घालून हिंडत होता. मग ते इरेला पेटले. खऱ्या धबधब्याचा फोटो आणायचा आणि त्यावरनं नवा पडदा करायचा.

श्रावणात ते एस.टी.नं ठोसेघरच्या धबधब्याला निघाले. भाकरी बांधून बायको बनाबाईही निघाल्या. फोटोग्राफरच्या या बायकोचा एकही फोटो नव्हता. "घरच्या माणसावर कशाला रोल घालवायचा?" असं त्याच म्हणायच्या, आणि रामहरी ते लगेच ऐकायचे. बायकोचं त्यांनी ऐकलेलं तेवढं एकच. याचा मला अजून राग येतो.

कॅमेऱ्यात कुणाच्या तरी बारशाचा रोल होता, त्यातले तीन फोटो शिल्लक. पहिला काढला तेव्हा दरीत नुसतं धुकं. दुसऱ्याला लेन्सवर पाणी. तिसरा जपून ठेवून रामहरी छत्रीखाली दोन तास उभे राहिले. एकदम धुकं फाटलं आणि समोरच्या कड्यावरून पांढरंशुभ्र पाणी खाली, पार खाली कोसळताना दिसलं. रामहरींनी कॅमेरा डोळ्याला लावला, तर मधे बनाबाई!

"अगं, सर की बाजूला!"

त्या आवाजात त्यांना काय ऐकू जाणार? कपाळाला हात लावून त्या कड्याचा माथा शोधत होत्या. मग वळून हसत ओरडल्या, "अवो, ह्याला खरंच चाक न्हाय! मग बंद कोण करतं?"

धुकं परत येत होतं. रामहरींनी बटण दाबलं.

फोटो धुऊन आला. धबधबा झकास, पुढं बनाबाई. रामहरींनी तो रावजीला दिला आणि म्हणाले, "हाय तसं काढ. मनाचं काय घालू नको." एकदा तोंडावर पडलेल्या रावजीनं या वेळी शब्द पाळला. पडदा उलगडला तर धबधब्यापुढं हिरव्या लुगड्यातल्या बनाबाई, तोंड उघडं, हसणाऱ्या.

"आगं बया! मला पुसा आदी!" बनाबाईंनी पदर तोंडाला लावला. रावजीनं ब्रश बुडवला. रामहरींनी त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. आम्ही दोघं पडद्यापुढं ताठ उभे राहिलो. रामहरी कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढून म्हणाले, "सरका जरा डावीकडं. मागं आमची कारभारीण झाकली जातीया."