एम्ब्रिकच्या फांद्या

आमच्या डोंगरात बर्फात रोवलेली बर्चची फांदी म्हणजे दिलेला शब्द. धुकं उतरलं की स्वतःच्या स्कीची टोकंसुद्धा दिसत नाहीत. पण पुढची फांदी दिसली, मग तिच्या पुढची दिसली, की माणूस घरी पोचतो. स्कार्वलियाच्या डोंगरघराभोवती चाळीस किलोमीटर वाटा होत्या आणि त्यांवरची प्रत्येक फांदी एम्ब्रिक सोर्लियननं रोवलेली असायची. त्याच्या आधी त्याच्या बापानं, तोर्लाइवनं.

एम्ब्रिक माझ्या थोरल्या बहिणीचा, गुन्वोरचा नवरा. उंच, वाकलेला, कमी बोलणारा, आणि बोललाच तर समोरच्याला चार दिवस पुरेल असं बोलणारा. एकदा राजधानीतून आलेल्या एका प्राध्यापकानं ऊन लागलं म्हणून आपलं जाकीट वाटेवरच्या फांदीला अडकवलं. एम्ब्रिकनं ते काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, "ही फांदी आहे. खुंटी तुझ्या घरी असेल." तो प्राध्यापक पुढं सतरा वर्षं येत राहिला आणि दर वर्षी हीच गोष्ट सगळ्यांना सांगत राहिला. मला ती पाठ झाली होती, कारण तो ती माझ्या चुलीपाशी बसूनच सांगायचा.

माझी चूल म्हणजे लाँगवातन तळ्याच्या पलीकडच्या काठावरचं खोपटं. पूर्वी उन्हाळ्यात तिथं गायी नेत असत. गायी गेल्या, चूल राहिली. ईस्टरच्या आठवड्यात मी तिथं वाफल भाजायची आणि गुन्वोर त्यांवर तपकिरी चीजचे काप ठेवून विकायची. पाहुणे डोंगरघरातून निघायचे, गोठलेल्या तळ्यावरून तीन किलोमीटर सरळ यायचे, खोपट्याच्या तापलेल्या भिंतीला पाठ टेकून संत्री सोलायचे आणि तोंडं लालबुंद करून परत जायचे. स्कार्वलियाचं सगळं नाव त्या तळ्यावरच्या वाटेमुळं झालं होतं. डोंगरघर आता बोर्गहिल्ड चालवायची; तिच्या आजीनं तिथं दोन खोल्यांत पाहुणे ठेवायला सुरुवात केली, तेव्हा तोर्लाइवनं पहिल्यांदा ती वाट आखली. युद्धानंतर आगगाडी भरभरून माणसं येऊ लागली, तेव्हा बोर्गहिल्डची आई पाहुण्यांना माळ्यावरसुद्धा झोपवायची. पुढं शेजारच्या खोऱ्यात उतारावर वर खेचून नेणारे दोर लागले आणि तरुण पोरं तिकडं वळली. "चढायला दोर, उतरायला उतार. घाम कुठंच नाही," असं एम्ब्रिक म्हणायचा आणि दोर बांधणाऱ्यांना सदिच्छा देत असल्यासारखी मान हलवायचा. आमच्याकडं मग लांब चालायची हौस असलेलेच येत राहिले. तेवढेही बोर्गहिल्डला पुरत होते.

तळ्यावर फांद्या रोवण्याआधी बर्फ तपासायचा असतो. तोर्लाइवच्या ठरलेल्या तीन जागा होत्या. एक डोंगरघराच्या बाजूला, खडकाच्या नाकासमोर. दुसरी मधोमध. तिसरी पलीकडच्या काठाजवळ, जिथं ओढा तळ्याला मिळतो, कारण वाहत्या पाण्यावर बर्फ पातळ राहतो. या तीन जागी गिरमिटानं भोक पाडायचं, आत खाचा केलेली काठी सोडायची, आणि तिन्ही ठिकाणी बर्फ तिसऱ्या खाचेपर्यंत असेल तर वाट उघडायची. बापानं दाखवलेल्या जागा एम्ब्रिक डोळे मिटून शोधून काढायचा. हे सगळं खोरं जाणून होतं, आणि "एम्ब्रिकनं तीन भोकं पाडली" म्हटलं की पुढं कोणी काही विचारत नसे.

मग एका वर्षी ऑक्टोबरात मोठा पूर आला. ओढ्यानं वरून दगडधोंडे आणून स्वतःचंच तोंड बुजवलं आणि तो दोनेकशे पावलं पूर्वेला सरकून तळ्याला मिळू लागला. हे लपलेलं नव्हतं. मी मेंढ्या उतरवायला गेले तेव्हा माझ्या डोळ्यांनी पाहिलं. एम्ब्रिकनं पाहिलं. जुना लाकडी पूल आता कोरड्यावर उभा आहे यावरून आम्ही त्याच्याच स्वयंपाकघरात कॉफी पिताना हसलोसुद्धा.

मार्चमध्ये एम्ब्रिकनं गिरमिट घेतलं आणि बापाच्या तीन जागी तीन भोकं पाडली. तिन्हीकडं बर्फ तिसऱ्या खाचेच्या वर. त्यानं फांद्या रोवल्या.

ईस्टरच्या आधीच्या बुधवारी मी आणि गुन्वोर सामान घेऊन निघालो. पीठ, चीज, जॅम, कॉफी, सगळं घसरगाडीवर बांधलेलं. गाडीचा पट्टा गुन्वोरच्या कमरेला, मी मागं दोर धरून. तळ्यावर पाय ठेवताना कमरेचा पट्टा सोडायचा आणि गाडी हातानं ओढायची, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. आम्ही पट्टा सोडला नाही. धुकं होतं, हात गारठले होते, आणि पुढं एकामागं एक फांद्या दिसत होत्या. गुन्वोर म्हणाली, "राहू दे गं, आपल्याच घरच्या फांद्या आहेत." मीही राहू दिलं.

काठ शंभर पावलांवर असताना, ओढ्याच्या नव्या तोंडासमोर, बर्फ फुटून ती खाली गेली. आवाज फारसा झालाच नाही. गाडीही तिच्यामागं सरकत गेली. मी पोटावर आडवी होऊन स्कीची काठी पुढं केली, तिनं ती धरलीही, पण गाडी तिला खाली ओढत होती आणि ओल्या पट्ट्याचा काटा तिच्या गोठलेल्या बोटांना निघेना. ती मला दोनदा म्हणाली, "तोर्दिस, मागं सर." याहून जास्त मी कधी कोणाला सांगितलेलं नाही आणि इथंही सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी एम्ब्रिकनं तळ्यावरच्या सगळ्या फांद्या उपटल्या. कोणाला बरोबर येऊ दिलं नाही. गिरमिट त्यानं लाकडांच्या खोपीत टांगलं आणि घरात जाऊन बसला.

मग खोऱ्याची माणसं येऊ लागली. आमची माणसं चांगली आहेत, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्यांना नावं ठेवणार आहे. कोणी मटणाचा रस्सा आणला, कोणी केक, कोणी त्याची लाकडं फोडून दिली. आणि जो तो उंबऱ्यात उभा राहून एकच म्हणायचा, "एम्ब्रिक, तुझा काही दोष नाही." पाद्री म्हणाला. बोर्गहिल्ड म्हणाली, आणि डोंगरघराच्या दारावर तिनं कागद लावला की निसर्गापुढं इलाज नसतो. चौकशीला आलेला पोलीससुद्धा टोपी काढून तेच म्हणाला. एम्ब्रिक प्रत्येकाला कॉफी द्यायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. मीही मूग गिळून बसायची. घरी आले की भांडी आपटायची.

दोन हिवाळे त्यानं एकही फांदी रोवली नाही. पहिल्या हिवाळ्यात गावातल्या धडधाकट लोकांनी ते काम अंगावर घेतलं. हौसेनं गेले, वारा अडतो अशा खोलगट जागा बघून फांद्या रोवून आले, आणि पहिल्याच वादळात त्या जागी बर्फ साचून फांद्या शेंड्यासकट गाडल्या गेल्या. एका जोडप्याला शोधायला दिवसभर माणसं पाठवावी लागली. कुठल्या उंचवट्यावरून वारा बर्फ उडवून नेतो आणि कुठं आणून टाकतो, हे एम्ब्रिकशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं आणि त्यानं कोणाला शिकवलंही नव्हतं. दुसऱ्या हिवाळ्यात डोंगरघराभोवती यंत्रानं पाडलेली चार किलोमीटरची गोल वाट तेवढी उरली. पाहुणे दोन दिवस गोल गोल फिरले आणि निघून गेले. तो प्राध्यापकही आला नाही. बोर्गहिल्डनं सरळ सांगितलं, पुढच्या ईस्टरला डोंगरातल्या वाटा नसतील तर ती दाराला कुलूप लावणार. तीन पिढ्यांचं घर होतं ते, आणि खोऱ्यातल्या निम्म्या बायकांचं हिवाळ्यातलं काम तिथं होतं. सगळ्यांना एम्ब्रिक पाहिजे होता. मलाही.

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात त्याच्या स्वयंपाकघरात आम्ही सातआठ जण जमलो होतो. बोर्गहिल्डनं विषय काढला. एम्ब्रिक म्हणाला, त्याचा हात आता त्या कामाला लागत नाही. तशी ती त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "असं स्वतःला खाऊ नकोस. तुझा दोष नव्हता." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी एम्ब्रिककडं पाहिलं. त्याचा चेहरा भिंतीसारखा होता आणि मला वाटलं, या माणसाला आम्ही सगळे मिळून गाडतोय.

माझ्या जिभेला तसंही हाड नाही. मी म्हणाले, "दोष होता."

कोणीतरी कप खाली ठेवला. बोर्गहिल्ड म्हणाली, "तोर्दिस, पुरे."

"नाही, पुरे नाही. ओढा सरकला होता. तुला माहीत होतं, एम्ब्रिक. याच टेबलावर बसून आपण त्या पुलाला हसलो. आणि तू गेलास आणि बापाच्या भोकांत परत भोकं पाडून आलास. तू चुकलास. गुन्वोर त्यामुळं गेली." मला थांबता येईना. "आणि मलाही माहीत होतं. मी विचारलं नाही. पट्टा सोड म्हणाले नाही. मीही चुकले."

एम्ब्रिकनं पहिल्यांदाच खिडकीवरून नजर काढली आणि माझ्याकडं पाहिलं. मग उठला, अंगात कोट घातला आणि बाहेर गेला. बाकीच्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी केक अर्धा टाकून घरी आले. पुढं महिनाभर दुकानात माझ्याशी कोणी हवापाण्यापलीकडं बोलत नव्हतं. बोर्गहिल्डनं तर तेही सोडलं होतं. मी रात्ररात्र स्वतःला विचारत राहिले की मी त्याला सोडवलं की त्याचा जीव घेतला, आणि खरं सांगायचं तर मला भीती दुसऱ्या गोष्टीचीच जास्त वाटत होती. त्याच्या धुराड्यातून सकाळी धूर निघाला की मी माझ्या कामाला लागायची.

ऑक्टोबरच्या शेवटी पानं गळल्यावर मी त्याच्या घरावरून जात होते. अंगणात बर्चच्या कापलेल्या फांद्यांच्या मोळ्या रचलेल्या होत्या. मी मोजल्या नाहीत, थांबलेही नाही. मला बघून तो आत गेला असता.

हिवाळाभर आम्ही एक शब्द बोललो नाही. ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी त्याचा फोन आला. "उद्या ये. सामान घेऊन ये," म्हणाला आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी धुकं होतं, अगदी त्या दिवसासारखं. डोंगरघराच्या अंगणात तो माझी वाट बघत उभा होता. बोर्गहिल्ड दारात आली होती. तिनं माझ्याकडं पाहून मान हलवली, इतकंच. घसरगाडीचा पट्टा एम्ब्रिकनं स्वतःच्या कमरेला घेतला नाही आणि मलाही दिला नाही. दोघांनी दोन दोर हातात धरले.

वाट तळ्याकडं गेलीच नाही. खडकाच्या नाकापाशी फांद्या डावीकडं वळल्या आणि जंगलाच्या कडेकडेनं, दलदलीचा माळ ओलांडून, तळ्याला सबंध वळसा घालून जाऊ लागल्या. तीनच्या जागी सात किलोमीटर. फांद्या सगळ्या उंचवट्यांवर होत्या, कंबरेइतक्या उघड्या, एकीपासून पुढची नेमकी दिसेल इतक्या अंतरावर. हात विसरला नव्हता त्याचा. मी त्याच्या मागून चालत होते आणि पुढं न बघता फांद्यांच्या बुडख्यांकडं बघत होते.

पहिल्यांदा मला वाटलं, रानकोंबड्यांनी उकरलं असेल. फांदीशेजारी बर्फावर तपकिरी चुरा पडला होता, थोडं शेवाळ, थोडी माती. पुढच्या फांदीशीही तसाच चुरा. तिच्या पुढच्याही. मी वाकून पाहिलं. चुऱ्याच्या मधोमध मनगटाएवढं गोल भोक होतं, सरळ खाली जमिनीत गेलेलं.

तळं दूर उजवीकडं धुक्यात होतं. आमच्या पायाखाली माळ होता, दगड होते, दोन माणसं चालली तर काय, घोडागाडी गेली तरी खचणार नाही अशी जमीन होती. तरी प्रत्येक फांदीपाशी त्यानं गिरमिट चालवलं होतं. चाळीसपर्यंत मी मोजत गेले आणि मग मोजणं सोडलं. एके ठिकाणी खाली कातळ लागला असावा. त्या भोकाशी मातीऐवजी दगडाची पूड होती आणि गिरमिटाच्या पात्याचा तुटलेला तुकडा पडला होता.

मी थांबले. एम्ब्रिकही थांबला, पण मागं वळला नाही.

"एम्ब्रिक, ही तर जमीन आहे," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "बघून घेतली."

मग त्यानं दोर ताणला, आणि मीही माझ्या बाजूचा ताणला.