वंशावळीतला शेवटचा बाप

हे लिहायचं जवळजवळ राहूनच गेलं होतं. दोनदा लिहून पुसलं, कारण मावशीबद्दल लिहिणार तरी काय, तिच्या आयुष्यात घडलंय काय असं? पण सकाळपासून ती डोक्यातून जातच नाहीये, तेव्हा एका दमात लिहून टाकलेलं बरं.

मावशी हॉस्पिटलच्या तळघरात कामाला. वर बाळं जन्मतात, माणसं जातात, आणि सगळ्यांच्या चादरी खाली धुवायला येतात. वाफेनं भिंतींना पोपडे आलेत. मशीनचा आवाज एवढा, की बायका एकमेकींचे ओठ बघून बोलायला शिकल्यात. मावशीचं काम घड्या घालायचं. मोठ्या चादरीची घडी एकटीनं होत नाही, समोर जोडीदारीण लागते. दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या, झटका द्यायचा, ताणायचं, चालत जवळ यायचं, टोकं तिच्या हातात द्यायची आणि परत मागं. दिवसभर हेच. मावशीच्या जोडीदारणीला सगळे 'सरकार' म्हणतात, कारण ती नुसते हुकूम सोडते.

मावशी बिजवराला दिलेली. लग्न झालं तेव्हा नवऱ्याच्या पहिलीचा मुलगा नीट बोलतही नव्हता. त्याचं दुखणंखुपणं, शाळा, परीक्षा, सगळं मावशीनं काढलं. स्वतःला मूल झालं नाही. नात्यातल्या बायका तोंडावर म्हणायच्या, परक्याचं पाखरू ते, पंख फुटले की उडायचं. नवरा गेला, पोरगा नोकरीसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. भांडण काही नाही, नुसते फोन कमी होत गेले.

आणि आता त्याची बायको याच हॉस्पिटलात बाळंत झाली. दुसऱ्या मजल्यावर. त्यानं फोन करून सांगितलं, मुलगी झाली. ये म्हणाला नाही. मावशीनंही विचारलं नाही, येऊ का म्हणून. वर बाळंतिणीजवळ थोरलीची आई बसलेली, म्हणजे त्या गेलेल्या पहिल्या बायकोची आई. बाळाची सख्खी पणजी. तिच्यासमोर आपण कोण म्हणून उभं राहायचं, हे मावशीला काही केल्या सुचेना. दुसऱ्या मजल्याच्या चादरींची गाडी आली की नुसती बघत राहायची.

त्यात चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचायची पाळी तिच्यावर आली. त्यांच्या मंडळीत पाळ्या ठरवायला जो हजर नसतो, त्याच्या गळ्यात उरलंसुरलं पडतं. मावशी त्या दिवशी कामावर होती, मग काय, तिच्या वाट्याला येशूची वंशावळ. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला. कुणालाच नको असते ती, जीभ अडखळते आणि पोरं खिदळतात. मावशीला तर ते नुसतं वाचूनही टोचत होतं. सगळ्यांना मुलं झालेली. पानभर.

पाळकांना नाही म्हणून सांगायचं तिनं ठरवलं होतं, पण सांगायचाही कंटाळा आला. म्हणून कागद खिशात ठेवून घड्या घालता घालता पाठ करायला लागली. सरकार जन्मात कधी प्रार्थनेला गेलेली नाही, पण फुकटची करमणूक कोण सोडतं.

"या याखीमानं काय केलं गं?"

"काही नाही. एकाचा पोरगा झाला, एकाचा बाप झाला. संपलं."

"मग नाव कशाला लिहिलंय? आपल्या साहेबाला अजून आपलं नाव येत नाही."

मावशी हसली. पण ते तिच्या मनात रुतून बसलं. सादोक, याखीम, मत्तान, कुणी लढाई मारली नाही की राज्य केलं नाही. उठले, राबले, दमले, पुढच्याच्या हातात देऊन गेले. आणि देवानं नाव ठेवलं त्यांचं. दुपारभर ती ती नावं हळूहळू म्हणत राहिली, ओळखीच्या माणसांची घेतात तशी.

मग यादीच्या शेवटी योसेफाचं नाव आलं आणि ती थांबली.

"काय झालं?" सरकारनं चादर ओढली.

मावशी म्हणाली, हा येशूचा बाप नव्हे. मरीयेचा नवरा. यानं फक्त वाढवलं.

"मग एवढी लांबण कुणाची लावली? ज्याचा पोरगाच नाही त्याच्या खापरपणजोबाची?"

सरकार जवळ आली, टोकं मावशीच्या हातात कोंबली आणि म्हणाली, "देवाला चाललं म्हणायचं. तुलाच तेवढं चालत नाही."

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर मावशी कठड्याला धरून वर गेली. गुडघे बोंब मारत होते. खाट रिकामी, गादी उघडी. आया म्हणाली, सकाळीच घरी गेले. मावशी त्या उघड्या गादीवर बसली. रडली वगैरे नाही, रडायलाही जोर लागतो. आया म्हणाली, बाई उठा, दुसरा पेशंट येतोय.

रविवारी तिनं वाचलं. अडखळली, पोरं हसली, मागच्या बाकावर एक आजोबा घोरत होते. योसेफाशी आल्यावर त्याचं नाव तिनं दोनदा वाचलं, लोकांना वाटलं ओळ चुकली. उपासना संपली आणि ती घरी न जाता थेट बसमध्ये बसली.

दार पोरानंच उघडलं. तिला बघून आवाज चढवून म्हणाला, "तीन जिने चढून यायला जमलं नाही तुला? मी रोज वॉर्डच्या दाराकडे बघत होतो."

"तू ये म्हणाला नाहीस."

"तुला ये म्हणायचं? आईला कुणी बोलावतं का?"

मावशी उंबऱ्यातच उभी. आत थोरलीची आई बाळ घेऊन येरझारा घालत होती, डोळे तारवटलेले, केस विस्कटलेले. मावशी ज्या बाईला एवढी घाबरली ती ही. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "आलात का एकदाच्या. धरा हिला आता, रात्रभर झोपू दिलं नाही, माझे हात भरून आलेत." बाळ मावशीकडे देऊन ती आडवी झाली आणि बोलता बोलता झोपलीसुद्धा.

बाळ काही थांबलं नाही, रडतच होतं. मावशी चपला न काढताच फेऱ्या मारायला लागली. सून म्हणाली, बसा तरी. मावशी म्हणाली, बसले तर उठता येणार नाही गं मला.

तुमचंही असं कुणीतरी असेल, ज्यानं वाढवलं आणि जे बोलावण्याची वाट बघत बसलंय. आणि तुम्ही त्यांची. भेटून या ना. सुट्टीची वाट बघू नका, या आठवड्यातच जा.