टायरवरून जावई

माझे भाऊजी माणसाकडे बघायच्या आधी त्याच्या गाडीकडे बघतात, आणि गाडीतही फक्त टायरकडे. कुणी घरी आलं की त्यांची बायको, म्हणजे माझी ताई, पाणी आणायला आत वळते आणि भाऊजी पाहुण्याच्या बाजूने निघून सरळ रस्त्यावर जातात. तिथे उकिडवे बसतात, डोळे मिटतात, आणि टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवतात. आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. पाहुणा बिचारा दारात नमस्काराचे हात जोडून उभा. भाऊजी वर येतात, साबणाने हात धुतात, आणि मग त्या माणसाशी किती बोलायचं ते ठरवतात.

त्यांचं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. गाडीची चाकं सरळ धावतायत की तिरकी, ते मोजायचं आणि तिरकी असतील तर सरळ करायची, एवढाच त्यांचा धंदा. खाली दुकान, वर त्यांचं घर, आणि त्याच जिन्यावर माझी शिवणकामाची खोली. मी लोकांचे कपडे सैल नाहीतर घट्ट करून देते. खिडकीतून मला दुकानासमोरचा सगळा रस्ता दिसतो, त्यामुळे घरातली कुठलीही गोष्ट मला सगळ्यात आधी कळते. ताईला हे आवडत नाही, पण बातमी हवी असली की तीच येते.

तर भाऊजींचं टायरशास्त्र. टायर मधोमध झिजला असेल, तर माणूस हवा जास्त भरतो, म्हणजे स्वतःही फुगलेला असणार. दोन्ही कडा झिजल्या असतील, तर हवा भरायचाच कंटाळा, म्हणजे हा अंथरुणातून उठून पाणीसुद्धा घेणार नाही. एखाद्याच ठिकाणी चट्टा पडला असेल, तर करकचून ब्रेक मारतो, म्हणजे संतापी. दातांचा डॉक्टर त्यांनी असाच निवडला, पार्किंगमध्ये टायर चाचपून, आणि तो खरोखर हलक्या हाताचा निघाला. तिथेच आमचं घर फसलं. त्यानंतर भाऊजींशी वाद घालायची कुणाची टाप राहिली नाही. जो पायी येतो त्याच्याबद्दल ते मत देत नाहीत, कारण टायरच नसेल तर माणूस ओळखायचा कसा. माझ्याकडे स्कूटर आहे. तिच्या टायरवरून त्यांनी माझ्याबद्दल काय ठरवलंय ते मी कधी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही.

या माणसाला एकच मुलगी, माझी भाची. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण चालायला लागल्यापासून ती एका जागी ठरलेली नाही. जिना उतरताना गिरकी, फोनवर बोलताना गिरकी. दुकानात पान्ह्यांशी खेळत वाढली आणि आता एका कंपनीत इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करते. डोळे चांगले खणखणीत असताना ती वरचेवर डोळे तपासायला जायला लागली, तेव्हाच मला वास आला. चौकाच्या पलीकडे चष्म्याचं दुकान, आणि तिथे एक उंच, हसरा मुलगा. त्याला आम्ही चष्मेवाला म्हणतो, तो स्वतः चष्मा लावत नाही तरी.

एक दिवस माझ्या शिवणाच्या टेबलावर बसून, पाय हलवत, भिंगरीने मला सांगून टाकलं. लग्न करीन तर चष्मेवाल्याशीच, आणि करीन तर बाबांनी मनापासून हो म्हटल्यावरच. मी विचारलं, एक जमलं आणि एक नाही जमलं तर? तिचे पाय थांबले. "मग नाही करणार, मावशी," ती म्हणाली. ही मुलगी पाय न हलवता बोलते तेव्हा ती खरं बोलत असते.

ताईला सांगितलं, ताईने भाऊजींना सांगितलं, आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी मुलगा घरी येणार असं ठरलं. गाडी घेऊन ये, असं भिंगरीनेच त्याला बजावलं होतं. पायी आला असता तर भाऊजींनी निर्णयच दिला नसता, जन्मभर.

मी खिडकीत होते. एक छोटी लाल गाडी वळणावरून आली, आणि मी तोंडावर हात धरला. गाडी रस्त्याला जवळजवळ बसली होती. आमच्या मांजराने खालून जायचं म्हटलं असतं तरी त्याला विचार करावा लागला असता. भिंगरी माझ्या शेजारी उभी होती, आणि तिची बोटं माझ्या दंडात रुतत होती. मला वाटलं, मुलीला आपली साधी धाकधूक.

भाऊजी खाली गेलेच होते. मीही मनगटावरच्या टाचण्यांच्या गादीसकट जिना उतरले, कारण असा प्रसंग वरून बघण्यात अर्थ नसतो. भाऊजींनी पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेवरून हात फिरवला आणि मान डोलावली. छान, कोऱ्यासारखी नक्षी. मग त्यांनी हात चाकाच्या मागे, आतल्या बाजूला घातला. तो तिथेच थांबला. डोळे उघडले. ते उठून दुसऱ्या बाजूला गेले, तिथेही हात आत घातला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू टायरात त्यांना कुणी चावलं.

टायर आतून खाल्ला होता. आतली कड पार गुळगुळीत, तार दिसायला फार वेळ उरला नव्हता. भाऊजींच्या घरात राहून मलाही आता यातलं कळतं. स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवली की चाकं वरून आत झुकतात आणि खालून बाहेर फाकतात, माणूस उकिडवा बसला की त्याचे पाय फाकतात तशी. शिवाय चाकांची तोंडंही थोडी बाहेर वळतात. मग प्रत्येक फेरीला टायर धावतो कमी आणि आतल्या कडेवर घासतो जास्त. म्हणून गाडी खाली केली की लगेच अलाइनमेंट करायचं असतं. नाही केलं तर बाहेरून टायर नवा दिसतो आणि आतून संपत जातो.

भाऊजींनी दोनच प्रश्न विचारले. गाडी खाली कुणी केली? चष्मेवाल्याने वर खिडकीकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, आम्हीच. आणि मग अलाइनमेंट? तो म्हणाला, राहून गेलं.

राहून गेलं. या दोन शब्दांवर भाऊजींनी आजवर कितीतरी गिऱ्हाइकांची बिनपाण्याने केलीय. खून करून आलो असं तो म्हणाला असता तर त्यांनी निदान कारण विचारलं असतं. ते तडक वर गेले आणि त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ हात धुतले.

वर चहा झाला. मुलगा गोड बोलला. ताईच्या चष्म्याची काडी सैल होती, ती त्याने बोलता बोलता घट्ट करून दिली, आणि ताई पार विरघळली. मला तर तो आधीपासूनच आवडला होता. भाऊजींनी कप खाली ठेवला आणि शांतपणे, न रागावता, त्याच्यासमोरच सांगितलं.

"तुम्ही माणूस वाईट आहात असं मी म्हणत नाही. पण टायर आतून संपत होते आणि तुम्ही वरून बघून खूश होतात. ज्याला आतली झीज दिसत नाही, त्याच्या घरी मी मुलगी देणार नाही."

चष्मेवाल्याचे कान लाल झाले. सांगायला त्याच्याजवळ काहीतरी होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं, पण तो उठला, येतो म्हणाला, आणि चपला शोधायला लागला. मला त्याचा असा राग आला की टाचणीच टोचावी. अरे बोल की, तोंड शिवलंय का तुझं?

भिंगरी दारात उभी होती, अगदी सरळ, हलत नव्हती.

"स्प्रिंगा मी घातल्या, बाबा. त्याने उजेडाला नुसती बॅटरी धरली होती."

मग सगळं बाहेर आलं, आणि ते इतक्या भरभर की मध्ये दोनदा ताईने तिला श्वास घे म्हणून सांगितलं. तिला लहानपणापासून खाली बसलेली गाडी हवी होती. भाऊजींना असल्या गाड्या डोळ्यासमोर नको असतात, चांगल्या गाडीचे गुडघे मोडणं म्हणतात ते त्याला. म्हणून तिने चष्मेवाल्याच्या अंगणात, त्याच्या गाडीवर, गुपचूप हौस भागवली. त्याची हरकत नव्हती. तिने त्याच्या गाडीला पंख लावले असते तरी त्याची हरकत नसती.

भाऊजींनी विचारलं, पण इतक्या हळू आवाजात की मलाच कसंतरी झालं, मग अलाइनमेंट का नाही केलंस? तुला तर सगळं येतं.

"मशीन कुठे होतं माझ्याकडे? इथे आणली असती तर तुम्ही ओळखलं असतं. पुलाजवळच्या दुकानात गेले होते. त्यांच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले, मग पुन्हा एकदा जाऊन परत आले. दुसऱ्याच्या रॅम्पवर गाडी चढवायला पायच पुढे होईना, बाबा. मी याला म्हटलं, हात लागला तर बाबांचाच लागू दे. तो म्हणाला, मग थांबू."

म्हणजे बघा. चष्मेवाल्याला आतली झीज पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. भिंगरीला बापाशी दगाबाजी केल्यासारखं वाटू नये म्हणून त्याने टायर झिजू दिले, मग गाडी घरी ठेवून बसने दुकानात जायला लागला, आणि आज भर बैठकीत नकार ऐकला तरी तिचं नाव घेतलं नाही. सगळ्या गावात अलाइनमेंटवाल्याच्या मुलीनेच हात लावलेल्या गाडीची चाकं वाकडी, आणि तेही बापावरच्या मायेपायी. मला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि मग दोन्ही एकदम आलं. ताईने मला पाण्याचा पेला दिला तो मीच तिच्या साडीवर सांडला.

भाऊजी स्वतःच्या तळहाताकडे बघत बसले होते. त्या हाताने टायर बरोबर वाचला होता आणि माणूस साफ चुकला होता. त्यांचं शास्त्र असं तोंडावर आपटलेलं मी पहिल्यांदाच बघत होते, आणि खरं सांगते, मला उकळ्या फुटत होत्या. ते उठले, खिशातल्या किल्ल्या चाचपल्या, आणि चष्मेवाल्याला म्हणाले, "गाडी आत घ्या."

सुट्टीच्या दिवशी दुकानाचं शटर वर गेलं. गाडी इतकी खाली की रॅम्पवर नाकच चढेना. मग चाकांखाली फळ्या घातल्या, ताईने बाजूने दिशा दाखवली, मी पदर खोचून मागून ढकलली, आणि एकदाची ती चढली. भाऊजींनी पुढचे दोन्ही खाल्लेले टायर काढून दुकानातले नवे चढवले, चाकांना मोजणीचे चिमटे लावले, आणि बापलेक गाडीखाली गेले. बाहेर आम्हाला नुसते आवाज. हा बोल्ट एवढा कुणी आवळला? मी. चांगला आवळलाय. गाडी उचलल्यावर खाली ठोकळे लावले होतेस ना? बाबा, मी काय वेडी आहे? मग भाऊजींची शीळ ऐकू आली. चूक शोधायला गेलेला माणूस खाली जाऊन शीळ घालत होता. लेकीने बसवलेल्या स्प्रिंगांमध्ये त्यांना नाव ठेवायला जागा सापडली नसावी.

बाहेर आले तेव्हा दोघांच्या कपाळावर सारखंच काळं लागलं होतं. मशीनच्या पडद्यावरचे सगळे आकडे हिरवे झाले होते, म्हणजे चाकं सरळ. भाऊजी म्हणाले, रस्त्यावर बघायला हवं, आणि आम्ही पाचही जण त्या एवढ्याशा गाडीत कोंबलो. चष्मेवाला चालवायला, भाऊजी त्याच्या शेजारी, मागे आम्ही तिघी एकमेकींच्या मांडीवर. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर भाऊजींनी त्याला स्टिअरिंग सोडायला सांगितलं. त्याने हात वर केले. गाडी आखल्यासारखी सरळ धावली, आणि माझ्या ताईने, जी भाजीवाल्यालाही हळू आवाजात हाक मारते, अशी आरोळी ठोकली की फुटपाथवरचा एक माणूस बाजूला झाला. भिंगरीला गिरकी घ्यायला जागा नव्हती म्हणून ती नुसतीच जागच्या जागी उसळत होती, माझ्या पायावर.

पण होकार काही आला नव्हता. भाऊजी खिडकीबाहेर बघत होते, आणि भिंगरी त्यांच्या मानेकडे.

पुढे गतिरोधक आला, चांगला उंच. चष्मेवाल्याने गाडी थांबवली आणि अजिजीने म्हणाला की एवढ्या वजनात खालून घासेल, जरा उतरावं लागेल. आम्ही तिघी उतरलो. भाऊजी जागचे हलले नाहीत.

"तुम्हीपण उतरलात तर बरं होईल," तो म्हणाला.

"मी नाही उतरत," भाऊजी म्हणाले. "सासऱ्याला बसवून नेता येत नसेल तर गाडी काय कामाची? तिरकी घे. हळू घे."

भिंगरीने रस्त्याच्या मधोमध असली गिरकी घेतली की मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवायचंही विसरला. ताईने मला धरलं, मी ताईला. गाडी तिरकी झाली, पोट खरवडत गतिरोधक चढली, उतरली, आणि सरळ निघून गेली. आतले दोघं एकमेकांकडे वळून हातवारे करत काहीतरी बोलत होते. आम्ही बराच वेळ हात हलवत उभ्या राहिलो. आम्हाला परत गाडीत घ्यायचंय, हे त्या सासऱ्या-जावयाच्या लक्षातच राहिलं नाही.