शाईचा स्कर्ट

पहिल्या चौकटीतला स्कर्ट कापसाला लागून निघाला तेव्हा मला भारी आनंद झाला. हे आधीच कबूल करून टाकते.

मी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात पेपर कॉन्झर्व्हेटर आहे, म्हणजे जुने कागद दुरुस्त करते. टेबलावर सुपरहिरो कॉमिक्सच्या अगदी सुरुवातीच्या काळातले सहा अंक होते. त्यातली नायिका मुखवटा घालून गुंडांना बुकलते, एकटीच्या जोरावर बँक वाचवते. कपडे मात्र पोहायला निघाल्यासारखे, आणि दर चार पानांनी कोणीतरी तिला दोरखंडाने बांधून ठेवतं. बाईला ताकदही द्यायची आणि बघणाऱ्यांची सोयही करायची! आमच्या प्रदर्शनाचा विषय तोच होता. पंचाईत अशी, की या अंकांत कोणीतरी फाउंटन पेनाने तिला घोट्यापर्यंतचे स्कर्ट काढले होते. अख्ख्या सहा अंकांत.

"निघेल का?" माझी बॉस शिवॉन म्हणाली. "मूळ चित्र दिसायला हवं."

"निघेल की!"

माझा जुना राग होता. नागपूरला बाबा कॉमिक्स आणायचे, पण आम्हा बहिणींच्या हातात देण्याआधी निळ्या बॉलपेनने नायिकेला लांब बाह्या काढायचे. अगदी मन लावून, जिभेचं टोक बाहेर काढून. ताई आणि मी अशा चिडायचो! खोडरबराने घासून घासून पानाला भोकं पाडायचो.

आधी सॉल्युबिलिटी टेस्ट केली. म्हणजे कोपऱ्यात थेंबभर पाणी लावून कुठली शाई सुटते ते बघायचं. छापील शाई जागची हलली नाही, पेनाची लगेच सुटली. मग काय, तासाभरात एक चौकट स्वच्छ.

दुपारी अंक देणाऱ्या नोराबाई बघायला आल्या. वय ऐंशीच्या पुढे, हातात बिस्किटांचा डबा. मी कौतुकाने ती चौकट पुढे केली.

त्या चौकटीवर वाकल्या. "आईचा स्कर्ट कुठे गेला?"

मी हातातला कापूस खाली ठेवला.

मामा अमेरिकेहून कपड्यांच्या पार्सलमध्ये अंक पाठवायचा, त्या सांगू लागल्या. वडील म्हणाले, असली उघडी बाई घरात नको, चुलीत घाला. आई म्हणाली, थांबा, मी तिला कपडे घालते. म्हणून अंक चुलीतून वाचले. आईच्या हातचं दुसरं काहीच आता राहिलेलं नव्हतं.

"आणि दोर बघितलेस का?"

मी भिंग लावलं. दोर नव्हतेच. मनगटावरच्या वेढ्यांचे त्यांच्या आईने बटणं लावलेले कफ केले होते.

"ते कोणी सांगितलं नव्हतं तिला," नोराबाई म्हणाल्या. "तिला बांधलेली बाई बघवायची नाही. ठोसा मात्र एकही झाकलेला नाही, बघ."

मी इतकी वर्षं हे काम करते आणि मला स्कर्टापलीकडे काही दिसलं नाही! मी तडक शिवॉनकडे गेले.

"मी उरलेली शाई काढणार नाही."

"अगं, लोकांना मूळ बाई बघायचीय."

"ती छापील आहे, दुसऱ्या प्रतींत मिळेल. ही एकच आहे."

शिवॉनने भिंगातून बराच वेळ पाहिलं. "आणि ती पुसलेली चौकट?"

"माझी चूक. प्रदर्शनातल्या पाटीवर तसंच लिहा."

तसंच लिहिलं. प्रदर्शनात नोराबाई त्या चौकटीपाशी थांबल्या. "थंडी वाजत असेल बिचारीला," म्हणाल्या आणि माझा दंड थोपटला. मला रडूच आलं.

घरी येऊन नागपूरला आईला फोन लावला. "बाबांनी बाह्या काढलेली कॉमिक्स असतील का गं?"

"कुठली असायला! बाबा गेल्यावर आवराआवर केली तेव्हा तूच म्हणालीस ना, ती खराब केलेली पुस्तकं रद्दीत घाल म्हणून?"

आता कापूस ओला करण्याआधी मी विचारते, हे कोणी केलं आणि का. आमच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही. मी समासात पेन्सिलीने लिहिते.