अण्णांची गिटार आणि निडीची पोरगी

पेणच्या रामवाडीला हायवेच्या कडेला जीप उभी होती आणि माझ्या दोन बॅगा टपावर बांधून झाल्या होत्या. गणपतीला महिना राहिला होता. त्या दिवसांत अण्णा, म्हणजे माझे वडील, जेवायलासुद्धा घरी येत नसत. तरी ते आले. हातात गिटार होती, आईने जुन्या चादरीतून शिवलेल्या खोळीत घातलेली. माझ्या लग्नाला आठ महिने झाले होते, नवरा आधीच मेलबर्नला गेला होता आणि आता मी निघाले होते. मला वाटलं, गिटार माझ्यासाठी आणलीय. मनातल्या मनात मी तिला जागासुद्धा काढली. नाहीच मावली तर विमानात मांडीवर घेईन.

अण्णा माझ्या शेजारून पुढे गेले आणि त्यांनी ती मला सोडायला आलेल्या, कारखान्यात काम करणाऱ्या सुलूच्या हातात दिली.

"ही तुझ्याकडं ऱ्हाऊ दे," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पोचलीस की कळव."

जीप सुटली. आई हात हलवत होती, पण मी आईकडे पाहिलंच नाही. सुलूच्या काखेतली ती चादरीची खोळ पाहत राहिले, वळण येईपर्यंत. घर सोडताना बायका रडतात. मी रडले नाही, मी जळत होते. तुमच्यापैकी जे पेणला राहिले आणि जे माझ्यासारखे निघून गेले, त्या सगळ्यांना हे आज सांगते, कारण इतकी वर्षं मी 'घरची आठवण येते' असं म्हणत आले. आठवण यायची ती बहुतेक वेळा या हेव्याची.

अण्णा गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे. मूर्ती साच्यातून निघते, घासली जाते, रंगते, आणि शेवटी कुणीतरी एक माणूस बारीक ब्रशने डोळे काढतो. ते चुकले तर सगळी मूर्ती वाया. आखणीनंतर अण्णा दोन पावलं मागे सरायचे, मान कलती करायचे आणि जमलं असेल तर दोनच शब्द बोलायचे : "नजर आली." नसेल जमलं तर काहीच बोलायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे.

याच हाताने ते गिटार वाजवायचे. खांब गावाला हायवेवर एका गॅरेजमध्ये पीटरमामा म्हणून गोव्याचे मेकॅनिक होते. अण्णा तरुणपणी मूर्ती पोचवायला गेले असताना टेम्पो तिथे बंद पडला, आणि दुरुस्ती होईपर्यंत त्यांनी पीटरमामांची गिटार ऐकली. पुढचं वर्षभर ते सुट्टीच्या दिवशी खांबला जात राहिले. पीटरमामा गाव सोडून जाताना ती गिटार अण्णांना देऊन गेले. पुढचं शिक्षण रेडिओवर. परदेशातलं कुठलंसं स्टेशन संध्याकाळी जॅझ लावायचं. अण्णा त्याला 'ज्याझ' म्हणायचे, आळीतले लोक 'अण्णांचं परदेशी' म्हणायचे. शेजारचे काका ओटीवरून ओरडायचे, "अण्णा, सूर जुळवून झाले की सांगा हां, गाणं ऐकाया येतो!"

रेडिओ माजघरात फळीवर असायचा. त्याची एरियलची तार खिडकीतून बाहेर पडवीत खिळ्याला बांधलेली. गाणं रंगात आलं की आवाज हमखास बुडायचा. मग अण्णा नुसते "शैले!" म्हणायचे, की मी स्वयंपाकघराच्या दारातून धावत पडवीत जायची, स्टुलावर चढायची आणि तार दोन्ही हातांनी उंच धरायची. आवाज परत यायचा. आठ-नऊ वर्षांची असल्यापासून हे माझं काम. ऐकायला मिळायचं नाही, हात भरून यायचे.

मोठी झाल्यावर मी म्हटलं, मलाही शिकवा. त्यांनी शिकवलं. बोटं माझी चांगली चालायची, पाठ झालेलं चुकायचं नाही. पण अण्णांच्या एका लाडक्या चालीत मधेच एक लांबलचक थांबा होता. सगळं धावत असताना एकदम काहीच नाही, आणि मग पुन्हा सुरू. त्या जागी मी दर वेळी लवकर शिरायची.

"तुझं चुकत नाय," अण्णा म्हणायचे, "पण तू थांबत नायस गो."

'नजर आली' मला त्यांनी एकदाही म्हटलं नाही. आई समजूत घालायची, "तुला काय कमी हाय? धावीला शाळेत पयली आलीस ना?" पण मला ते दोन शब्दच हवे होते.

आणि मग सुलू आली. निडीच्या शेतकऱ्याची मुलगी, घरी भात आणि वाल. सीझनला ती रोह्याकडून येणाऱ्या पॅसेंजरने पेणला उतरायची आणि आमच्या कारखान्यात घासकाम करायची. दिवसभर पॉलिश पेपरने मूर्ती घासून पांढरीफटक झालेली ही मुलगी, गाडीला वेळ असला की आमच्या पडवीत बसायची. अण्णा तिला नावाने हाक मारत नसत, 'निडीची पोरगी' म्हणत. तिच्या हातात गिटार दिली तेव्हा तिला धड धरतासुद्धा येत नव्हती. चौथ्या महिन्यात तिने ती लाडकी चाल वाजवली. मधे थांबली. मी स्वयंपाकघरात वालाची बिरडी सोलत होते. थांबा सरला, ती पुन्हा सुरू झाली, आणि बाहेरून अण्णांचा आवाज आला, "नजर आली."

मी बिरडी सोलायची थांबले नाही. पण त्या दिवसानंतर मी गिटारला हात लावला नाही.

आता त्यांच्या वादनाबद्दल. हेवा बाजूला ठेवून लिहिते, कारण ते कुणीच लिहिलेलं नाही. अण्णा रोह्याच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचे, लग्नांत, कंपन्यांच्या कॉलनीतल्या कार्यक्रमांत. कायम मागच्या रांगेत. फोटो यायचा तो गायकाचा नाहीतर ऑर्गनवाल्याचा. लोकांना सिनेमाची गाणी हवी असायची. अण्णा तीच वाजवायचे, पण दोन कडव्यांच्या मधल्या जागेत ते असं काही घालायचे की ढोलकीवाला हात थांबवून बघायचा. तारा छेडायची प्लेक्ट्रम हरवली तर साबणाच्या डबीचं झाकण कापून दुसरी करायचे. मुंबईचा एक वादक एकदा कॉलनीच्या कार्यक्रमाला आला होता. त्याने अण्णांचा डावा हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला, दुकानात भांडं बघतात तसा. "चला माझ्याबरोबर," म्हणाला. अण्णा म्हणाले, "तीनशे मूर्ती डोळ्यांबिगर बसल्यात, मी कुठं येऊ?" मुंबईतल्या रेकॉर्डिंग स्टुडिओत शोभला असता असा हात पेणमध्ये बसून डोळे काढत राहिला. याचं त्यांना वाईट वाटलं असेल तर ते त्यांनी मला सांगितलं नाही. सुलूला सांगितलं असेल.

मेलबर्नला मी वृद्धांच्या एका होममध्ये कामाला लागले. आधी किचन, मग लॉन्ड्री, आता सगळ्या स्टाफचं रोस्टर मी लावते. कोण किती वाजता यायचं, कोणी कोणाची शिफ्ट घ्यायची, हे मला चांगलं जमतं. रिकामी जागा दिसली की मी ती भरते. अण्णा गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचले. घरात सुलू होती. तिने आईला जेवायला घातलं होतं, माझ्यासाठीही ताट झाकून ठेवलं होतं. तेही मला खुपलं. आता तिचा रोह्यात गिटारचा क्लास आहे, आई असेपर्यंत ती दर आठवड्याला पेणला यायची, आणि आमच्या घराची किल्ली आजही तिच्याचकडे आहे. घराचा उंबरठा तिचा, गिटार तिची, अण्णाही तिचे. मला राहिला पासपोर्टवरचा जन्मगावाचा रकाना.

गेल्या वर्षी इथल्या मंडळाच्या गणपतीत रोह्याहून शिकायला आलेली एक मुलगी वाजवणार होती. नाव रेवा, वय एकोणीस. मूर्ती पेणचीच, कंटेनरमधून आलेली. मी सवयीने आधी डोळे पाहिले. ठीक होते. मग रेवाने गिटार घेतली आणि तीच चाल सुरू केली. मधे ती थांबली. हॉलमधल्या लोकांना वाटलं संपलं, चार जणांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. का उठले, कळलं नाही. शेजारचे कुलकर्णी म्हणाले, "काय हो, निघालात?" तेवढ्यात ती पुन्हा सुरू झाली, आणि मी मुकाट्याने खाली बसले.

नंतर जेवणाच्या रांगेत मी तिला गाठलं. "मधे थांबलीस ते काय होतं?"

"ती पोरगी, काकू."

"कोण पोरगी?"

"म्हणजे त्या थांब्याचं नाव. सुलूताईंच्या क्लासमध्ये सगळे म्हणतात, इथे पोरगी घे. टेक्निक आहे ते. तुम्हाला माहितीये सुलूताई?"

मी म्हटलं, माहितीये. माझ्या हातातला भात गार झाला. निडीची पोरगी! अण्णांच्या थांब्याला हिने स्वतःचं नाव देऊन टाकलं आणि ते पार मेलबर्नपर्यंत पोचवलं. शिकवणारा जन्मभर कारखान्यात रंगात राबून मेला, आणि नाव हिचं.

तीन दिवस मी फोन केला नाही. चौथ्या दिवशी केला आणि खुशाली न विचारता सुरुवात केली. "सुलू, अण्णांच्या थांब्याला तुझं नाव दिलंस म्हणे."

"माझं? कोन बोललं?"

"पोरगी म्हणता ना त्याला? तुला म्हणायचे ते निडीची पोरगी."

पलीकडे ती हसायला लागली, आणि मला तिचा इतका राग आला की फोन ठेवणार होते.

"अगो शैले, येडी का खुळी तू? ती पोरगी मी नाय. अण्णा मला शिकवताना सांगायचे, हितं थांब, पोरगी तारेकडं गेलीय. तिनं तार धरल्याबिगर पुढं जायचं नाय. मी इचारलं, कोन पोरगी? तर म्हनले, आमची. एकच तर हाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रेडिवचा आवाज बुडायचा ना गो, त्या जागी काय वाजत होतं ते त्यांना कदीच कळलं नाय. म्हनून ते तिथं वाजवीतच नव्हते. तुझी वाट बगायचे. येवडी वरसं तुला ठाव नाय?"

"मला कोण सांगणार?"

"तुला काय सांगायचं? तूच तर धावत व्हतीस!"

खरं होतं. मी धावत होते, ऐकत नव्हते. माझ्याच पावलांएवढी ती जागा होती आणि शिकताना मीच तिच्यात दर वेळी लवकर शिरत होते.

"मग गिटार तुला का दिली?" मी विचारलं.

"ते मला नाय ठाव," सुलू म्हणाली. "त्यांनी दिली, मी घेतली. तू असतीस तर तू नसती घेतलीस?"

"घेतली असती."

"मग!"

यानंतर हेवा गेला असं मी लिहिणार नाही. गेला नाही. ही गोष्टसुद्धा मला सुलूकडूनच कळावी, हे आहेच. तिने ती 'पोरगी' रोज पोरांना शिकवली, मला सांगायचं कधी तिच्या मनात आलं नाही, हेही आहेच. मी इथे इंटरनेटवर शोधून ती मूळ चाल ऐकली. अण्णांच्या रेडिओवर बुडायची त्या जागी मूळ वादकाने खूप वाजवलंय, भराभर, चांगलं. अण्णांची रिकामी जागा त्याहून वरची आहे. हे मी मुलगी म्हणून म्हणत नाही. मुलगी म्हणून मी त्यांना कधी सवलत दिलेली नाही.

फोन ठेवण्याआधी मी सुलूला विचारलं, "पडवीतला तो खिळा आहे का अजून?"

"खिला हाय. तार नाय."

"आणि एक. तुझी पोरं घाई करतात. दारापासून पडवीपर्यंत सात पावलं आहेत, वर स्टुलावर चढायचं. ती रेवा पाचातच पुढे जाते."

"मग तूच शिकव की तिला," सुलू म्हणाली. "मी कुटं धावले व्हते?"

गेल्या रविवारी रेवाला जेवायला बोलावलं. वालाची उसळ केली. वाल इथे फ्रोझन मिळतात, बरे लागतात. जेवण झाल्यावर तिला हॉलमध्ये खुर्चीवर बसवलं, मी किचनच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, वाजव. थांब्याची जागा आली तशी मी निघाले. माझे गुडघे आता तसे राहिलेले नाहीत, पण सात पावलं ती सातच. स्टुलाऐवजी बाल्कनीच्या दाराची पायरी होती. तिच्यावर चढून मी दोन्ही हात वर केले. समोरच्या रस्त्यावरून ट्राम गेली. रेवा माझ्याकडे बघत थांबली होती, आणि माझे हात पूर्ण वर गेल्यावरच तिची बोटं तारांवर पडली.

लोक विचारतात, घर कुठे तुमचं? पत्ता विचारला तर मी इथला सांगते. पण मोजून सांगा म्हणाल तर ते सात पावलं आणि एक स्टूल एवढं आहे, आणि मी ते कुठेही मांडू शकते.

वाजवून झाल्यावर रेवाने मान वर करून पाहिलं. ते दोन शब्द माझ्या तोंडाशी आले होते. पण सहाव्या पावलाला तिची बोटं हवेतच किंचित हलली होती, मी पाहिलं होतं.

"पुन्हा," मी म्हटलं, आणि जाऊन दारात उभी राहिले.